मुंबई ते न्यूयॉर्क: साडेबारा हजार किलोमीटर, पण तास किती?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या आई, वय 68, जानेवारीत पहिल्यांदाच एकट्या न्यूयॉर्कला निघाल्या आहेत, तुमच्या बहिणीकडे. साताऱ्याहून गाडीने मुंबई आणि तिथून थेट विमान. तुम्ही अंतर शोधलंत तर साडेबारा हजार किलोमीटर आणि 14 तास असं उत्तर आलं. तिकिटावर सुटायची वेळ रात्री 1:50 आणि पोहोचायची त्याच तारखेला सकाळी 7:40 आहे, म्हणजे वरवर पाहता सहा ताससुद्धा होत नाहीत. तुमचे भावजी जुलैत परत आले तेव्हा त्यांना जेमतेम साडेचौदा तास लागले होते. आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलं की पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. आई इन्सुलिन घेतात, त्यामुळे तुम्हाला विश्वासाचा एकच आकडा हवा आहे.

मी 24 वर्षं विमान कंपन्यांच्या उड्डाण-नियोजन कक्षात काम केलं. आमच्या पदाला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. विमान कोणत्या वाटेने न्यायचं, किती उंचीवरून न्यायचं, इंधन किती भरायचं, हे आम्ही आखतो, कॅप्टन ते तपासतो आणि कागदावर दोघांची सही होते. अमेरिकेच्या उड्डाणांचे असे कागद मी शेकड्यांनी केले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देतो, कारण तुम्हाला तेच हवं आहे. जानेवारीत जाताना विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून न्यूयॉर्कला जागेवर लागेपर्यंत साडेपंधरा ते पावणेसतरा तास धरा. परत येताना 14 ते 15. एकच आकडा मात्र मी देणार नाही. कुणी दिला तर त्याच्यावर इन्सुलिनचं वेळापत्रक बसवू नका. असं का म्हणतो ते आता सांगतो.

पहिल्यांदा तिकिटाचं कोडं सोडवू. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. 1:50 ते 7:40 म्हणजे 5 तास 50 मिनिटं, त्यात साडेदहा मिळवले की 16 तास 20 मिनिटं. हा तुमचा तिकिटावरचा खरा आकडा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात, त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो. जुलैचं तिकीट आणि जानेवारीचं तिकीट शेजारी ठेवून वजाबाकी करणारे बरेच लोक इथेच एका तासाने चुकतात.

हे 16 तास 20 मिनिटं विमान हवेत असण्याचे नाहीत, हेही लक्षात घ्या. चाकांना लावलेली अडणी काढली की वेळ सुरू होतो आणि पुन्हा लावली की थांबतो. आमच्याकडे त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत धावपट्टीकडे जायला आणि रांगेत थांबायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. न्यूयॉर्कला उतरल्यावरही जागा मिळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. त्यामुळे आईंच्या समोरच्या पडद्यावर उड्डाणानंतर ‘15 तास 40 मिनिटं’ असं दिसलं तर विमान लवकर पोहोचतंय असा अर्थ काढू नका. ते फक्त हवेतले तास असतात.

आता अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या जरासं वर आहे, आणि तुम्हाला मिळालेला आकडा बरोबर आहे. हेच अंतर कुठे 6,775 आणि कुठे 7,800 असं दिसलं तर गोंधळू नका. पहिला आकडा नॉटिकल मैलांचा, दुसरा साध्या मैलांचा. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. वैमानिक आणि आम्ही नॉटिकलमध्येच बोलतो.

पण हे ‘सरळ’ म्हणजे कुठून? शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कला पट्टी लावलीत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाईल. घरी पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. मुंबईहून वायव्येला निघतो, पाकिस्तानवरून कंदाहारच्या आसपास अफगाणिस्तानात शिरतो, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडतो, मॉस्कोच्या जवळून सेंट पीटर्सबर्गच्या बाजूला जातो, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमवरून समुद्रात उतरतो, आइसलँडचा दक्षिण किनारा आणि ग्रीनलँडचं खालचं टोक शिवतो, मग कॅनडाचा पूर्व किनारा धरून न्यूयॉर्कला खाली येतो. साडेबारा हजार किलोमीटरची वाट ती ही. मी नव्या मुलांना शिकवायला बसायचो तेव्हा पहिल्या दिवशी हा दोराच हातात द्यायचो. एकदा तो ताणून पाहिला की नकाशा पाहायची नजर बदलते.

आता त्याच वाटेवरचे देश पुन्हा वाचा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. 2019 मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 नंतर हवाई वाहतूक नियंत्रणाची घडी मोडली आणि बहुतेक कंपन्या तिकडून जायचं टाळू लागल्या. रशियाचं आकाश 2022 पासून युरोप, अमेरिका आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना तशी बंदी नाही, पण रशियापर्यंत पोहोचायला मधली वाट तर हवी. इराण आणि इराकवरचं आकाश कधी खुलं असतं, कधी एका रात्रीत बंद होतं. अशा सूचना ‘नोटॅम’ म्हणून येतात. पाळी सुरू झाली की चहाच्या आधी आम्ही त्या वाचतो.

म्हणजे दोऱ्याची वाट बहुतेक वेळा कागदावरच राहते. मुंबईचं विमान साधारणपणे अरबी समुद्रावरून पश्चिमेला जातं, आखाताच्या बाजूने वर सरकतं, तुर्कस्तान, मध्य युरोप, ब्रिटन किंवा आयर्लंड करत अटलांटिकवर येतं. ही वाट 13,000 ते 13,500 किलोमीटरची होते. म्हणजे मुंबईकरांना फार मोठा वळसा पडत नाही. दिल्लीकरांना पडतो. दिल्ली ते न्यूयॉर्कचं सरळ अंतर मुंबईपेक्षा कमी, पावणेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. पण पाकिस्तान बंद झाल्यावर दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन मग समुद्रावर जावं लागलं. 2025 मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही उड्डाणं व्हिएन्ना किंवा कोपेनहेगनला इंधनासाठी थांबवावी लागली, ती यामुळेच. दोन शहरांमधलं अंतर तेच राहिलं आणि प्रवास काही तासांनी वाढला.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, 13,300 किलोमीटर धरू, विमानाचा वेग ताशी 890, भागाकार केला की झालं. पंधरा तासांच्या आत उत्तर येईल. आणि तेही चुकेल. इथेच माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, म्हणून जरा थांबून वाचा.

विमान जमिनीवर चालत नाही, हवेत पोहतं. मी दाभोळच्या खाडीकाठचा. आमच्याकडे पूर्वी दाभोळहून चिपळूणच्या बाजूला वर जायचं असलं की होडी भरती धरून निघायची. भरतीचं पाणी पाठीशी असलं की वल्ह्याला जोर कमी लागायचा आणि वेळही कमी. ओहोटीला निघालात तर तीच खाडी, तेच अंतर, तोच होडीवाला, पण सकाळचा माणूस दुपारी पोहोचायचा. कुणी होडीवाल्याला ‘चिपळूण किती लांब?’ विचारलं तर तो आधी आकाशातला चंद्र आठवून तिथी सांगायचा. विमानाचं तसंच आहे. आमच्या कागदावर दोन अंतरं छापलेली असतात: एक जमिनीवरचं, एक हवेतलं. इंधन आणि वेळ दुसऱ्यावर ठरतात.

तुमच्या आईंच्या उड्डाणाचंच गणित मांडून दाखवतो. जमिनीवरची वाट 13,300 किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी 890. जानेवारीत पश्चिमेला जाताना वारा समोरून. कुठे जोराचा, कुठे मंद, पण सगळ्या वाटेची सरासरी ताशी 45 किलोमीटर धरू. म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग उरला 845. वेळ आली 15 तास 44 मिनिटं. तेवढ्या वेळात विमानाने कापलेली हवा झाली 14,000 किलोमीटर. दोन्ही टोकांची मिळून 36 मिनिटं जमिनीवरची धरली की 16 तास 20 मिनिटं होतात, तुमच्या तिकिटावरचा आकडा.

आता परतीचं बघा. वाट 13,100 किलोमीटर, वारा पाठीमागून सरासरी ताशी 60. वेग झाला 950, वेळ 13 तास 47 मिनिटं. हवेतलं अंतर फक्त 12,300 किलोमीटर. पाहिलंत का, दोरा ताणून मोजलेल्या सरळ अंतरापेक्षाही कमी! जाताना 14,000, येताना 12,300. तुमच्या भावजींचा आणि तुमच्या आईंचा फरक निम्म्याहून जास्त इथेच सुटला.

हे वारे म्हणजे जेट प्रवाह. जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटरवर, नेमके विमानांच्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान हवेच्या नद्या. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या दोहोंतला फरक जितका मोठा तितका प्रवाह जोराचा. हिवाळ्यात फरक वाढतो म्हणून जोर वाढतो. शिवाय हिवाळ्यात एक प्रवाह खाली सरकून थेट उत्तर भारतावर येतो आणि पावसाळा सुरू होता होता हिमालयाच्या पलीकडे निघून जातो. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर फार उंचावर उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. म्हणून जुलैत न्यूयॉर्कला जाणाऱ्याला जानेवारीएवढा त्रास होत नाही.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. पृथ्वी फिरते म्हणून विमानाला थेट फायदा-तोटा होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. धावत्या एसटीत उडणारी माशी मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही, तसंच. पण त्यांच्या बोलण्यात एक धागा खरा आहे: उष्ण भागातून ध्रुवाकडे निघालेली हवा पूर्वेला वळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. फिरणं वारे घडवतं आणि वारे विमानाची वेळ घडवतात.

वारा किती उलथापालथ करू शकतो याची दोन उदाहरणं देतो. 9 फेब्रुवारी 2020 ला अटलांटिकवर मोठं वादळ होतं. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग काही काळ ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. इंजिनांनी नेहमीपेक्षा जास्त काही केलं नव्हतं, विमान नेहमीच्याच वेगाने हवा कापत होतं. ती हवाच धावत होती.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेला प्रशांत महासागरावरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांबली, 15,300 पर्यंत गेली. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण सगळ्या वाटेवर वारा पाठीशी होता. लांबची वाट लवकर नेते हे आमच्या क्षेत्राबाहेर कुणाला पटत नाही, म्हणून मी हे उदाहरण नेहमी देतो.

काम कसं चालतं ते एका रात्रीवरून सांगतो. फेब्रुवारी महिना, पाकिस्तानचं आकाश तेव्हा खुलं होतं. न्यूयॉर्कच्या उड्डाणासाठी माझ्यासमोर दोन आराखडे होते. उत्तरेचा 12,800 किलोमीटरचा, दक्षिणेचा 13,250 चा. संगणकाने उत्तरेच्या वाटेला 16 तास 4 मिनिटं दाखवली आणि दक्षिणेच्या वाटेला 15 तास 41. कॅप्टन ब्रीफिंगला आले, वयाने माझ्यापेक्षा मोठे, सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे. त्यांनी दोन्ही कागदांवर बोट ठेवून विचारलं, ‘साडेचारशे किलोमीटर जास्त का फिरवतोस?’ मी वाऱ्याचा नकाशा पुढे सरकवला. त्या नकाशावर वारा छोट्या बाणांनी दाखवतात. बाणाच्या शेपटीला लहान रेघ म्हणजे 5 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), मोठी रेघ म्हणजे 10, आणि भरीव त्रिकोण म्हणजे 50. उत्तरेच्या वाटेवर एका मोठ्या पट्ट्यात बाणांच्या शेपटीला तीन-तीन त्रिकोण होते. दीडशे नॉट, म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटर, आणि तेही समोरून. सरांनी बोट तिथेच ठेवलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि दक्षिणेच्या कागदावर सही केली.

मग इंधनाचा विषय निघाला. न्यूयॉर्कला बर्फ पडायचा अंदाज होता. उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ म्हणून मी बॉस्टन धरलं होतं. सर म्हणाले, बर्फ बॉस्टनलाही असू शकतं, वॉशिंग्टन धर आणि वर दोन टन जास्त दे. हे ऐकायला सोपं वाटतं. 777 जातीचं मोठं विमान तासाला साधारण सात-साडेसात टन इंधन जाळतं, म्हणजे या प्रवासाला एकशे दहा टनांच्या वर लागतं. त्यातलं बरंच इंधन पुढचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. न्यूयॉर्कला एक टन शिल्लक हवं असेल तर मुंबईत जवळपास दीड टन भरावं लागतं. दोन टनांचे तीन झाले. विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ठरलेलं असतं, 777-300 ईआरचं साडेतीनशे टनांच्या जरा वर. आमचं वजन आधीच काठाला आलेलं होतं, म्हणून तेवढा माल उतरवला. प्रवाशांपैकी कुणालाच हे कळलं नाही. त्यांना फक्त विमान वीस मिनिटं उशिरा निघाल्याचं कळलं, आणि त्यातले काही नाराजही झाले असतील. ते विमान शेवटी न्यूयॉर्कलाच उतरलं, पण अर्धा तास घिरट्या घालून. सरांनी मागितलेलं इंधन तिथे कामाला आलं.

म्हणून उशीर दिसला की लगेच कुणावर चिडू नका, एवढंच सांगेन. लांबच्या उड्डाणात जमिनीवर घालवलेली वीस मिनिटं पुष्कळदा वर आकाशात वाचवलेले दोन तास असतात.

वेळापत्रकाच्या आकड्यात कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात, हेही खरं. एका मोसमातल्या वेगवेगळ्या दिवसांचे वारे बघून असा आकडा निवडतात की बहुतेक दिवशी विमान वेळेवर ठरेल. त्यामुळे एखाद्या दिवशी विमान अर्धा तास आधी पोहोचतं आणि लोक खूश होतात. त्या दिवशी वारा मंद होता, एवढंच. नेमकी वेळ कधी कळते विचाराल तर, उड्डाणाच्या काही तास आधी, वाऱ्याचा ताजा अंदाज आल्यावर. तिकीट काढताना ती कुणालाच माहीत नसते, कंपनीलाही नाही.

आता आईंकडे येतो, कारण मुळात प्रश्न त्यांचा आहे.

इन्सुलिनचे डोस कसे बसवायचे हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायला हवं. पण डॉक्टरांकडे जाताना ‘14 तासांचा प्रवास’ असं सांगू नका. त्यांना सांगा: घरातून निघाल्यापासून बहिणीच्या घरी पोहोचेपर्यंत साधारण तीस तास, त्यातले सोळा-सतरा विमानात, आणि वाटेत घड्याळ साडेदहा तास मागे जाणार. 1:50 चं विमान म्हणजे विमानतळावर रात्री दहाच्या सुमाराला पोहोचायचं. साताऱ्याहून दुपारी तीन-साडेतीनला निघायला हवं, कारण द्रुतगती महामार्गावर घाटात गाडी अडकली तर दोन तास कसे जातात कळत नाही. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि मग मोटारीचा प्रवास. हे सगळं धरूनच डॉक्टर नीट सांगू शकतील.

आईंच्या हातात साधं काट्यांचं घड्याळ असेल तर ते विमानात भारतीय वेळेवरच राहू द्या. मोबाइलची वेळ उतरल्यावर आपोआप बदलते आणि औषधाचा हिशोब चुकतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात, मराठीत, ‘भारतीय वेळेप्रमाणे अमुक वाजता हे औषध’ असं लिहून पर्समध्ये ठेवा. इन्सुलिन, सुया, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन-तीन दिवस पुरेल एवढी गोळ्यांची भर हातातल्या पिशवीतच हवी. मोठ्या बॅगेत अजिबात नको. याचं कारण केवळ बॅग हरवण्याची भीती एवढंच नाही. विमान मध्येच कुठे इंधनासाठी किंवा हवामानामुळे उतरलं तर पोटातलं सामान मिळत नाही, प्रवासी दोन-तीन तास जागेवरच बसून असतात. असं क्वचित होतं, पण होतं. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरलं होतं, आणि प्रवाशांना पुढे नेणारं दुसरं विमान यायला एका दिवसाहून जास्त वेळ लागला. सगळे सुखरूप होते. पण औषधं कुठल्या पिशवीत ठेवायची ते त्यावरून ठरवा.

थेट विमान घ्यावं की दुबई-दोह्यासारख्या ठिकाणी बदलावं, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. परिस्थितीवर अवलंबून आहे. गुडघे किंवा पाठ सोळा तास बसण्याला तयार नसेल तर मधला थांबा बरा, एकूण तास वाढले तरी. पण एकट्या, पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजीची सवय नसलेल्या माणसाला परक्या विमानतळावर रात्री दुसरं दार शोधायला लावणं मला नको वाटतं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मी माझ्या आईला थेट विमानानेच पाठवलं असतं, व्हीलचेअरची नोंद आधीच करून. चालता येत असलं तरी नोंद करा. व्हीलचेअरबरोबर एक माणूस असतो, तो पासपोर्ट तपासणीपासून बाहेरच्या दारापर्यंत सोडतो. दर दीड-दोन तासांनी उठून विमानात एक फेरी मारायला आणि पाणी पीत राहायला सांगा.

तुम्ही रात्रभर मोबाइलवर विमानाचा नकाशा बघत बसणार, हे मला न सांगताच कळतं. सगळी मुलं बसतात. म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. विमान सरळ वायव्येला न जाता समुद्रावर पश्चिमेला निघालं, किंवा आखातावर एकदम कुठे वळलं, तर काही बिघडलं असं समजू नका. ती आखलेली वाट आहे. आणि अटलांटिकवर गेल्यावर नकाशावरचं विमान अडखळल्यासारखं दिसेल, कधी दिसेनासंही होईल. तिथे जमिनीवरचे संकेत-ग्राहक नसतात, त्यामुळे काही संकेतस्थळं अंदाजाने जागा दाखवतात. विमानाचं नियंत्रकांशी बोलणं चालूच असतं.

बहिणीला विमानतळावर कधी पोहोचायचं ते सांगताना तिकिटावरचे 7:40 धरू नका. विमान मुंबईहून हवेत उठल्याची नेमकी वेळ मोबाइलवर मिळेल, त्यात साधारण 15 तास 45 मिनिटं मिळवा आणि साडेदहा तास वजा करा, ती न्यूयॉर्कच्या घड्याळाने उतरायची अंदाजे वेळ. त्यानंतर बाहेर येईपर्यंत दीड ते दोन तास. व्हीलचेअर असेल तर कधी लवकरही होतं.

परतीचं तिकीट एप्रिलचं असेल तर तेव्हा घड्याळांमधला फरक साडेनऊ तासांचा असेल. समजा न्यूयॉर्कहून सकाळी 11:45 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:40 ला मुंबई, असं छापलेलं असेल, तर 23 तास 55 मिनिटांतून साडेनऊ वजा करा. 14 तास 25 मिनिटं. औषधांचा कागद परतीसाठी वेगळा लिहा, आणि तो आत्ताच लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा, तिकडे गेल्यावर राहून जातं.